दिंडोरी ते पेठ: नाकारलेल्या मालाचा हिशेब

मी शाळेत होते तेव्हा आमच्या घरी दीड एकर द्राक्षबाग होती. एका हंगामात बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने जागेवर सौदा केला, चार दिवसांत सगळा माल तोडून नेला, निम्मी रक्कम रोख दिली आणि उरलेल्या रकमेचा चेक दिला. तो चेक वटला नाही. त्या माणसाचा पत्ता शोधण्यात अण्णांची दोन वर्षे गेली, आणि तिसऱ्या वर्षी आम्ही वेली उपटून त्या जागी कांदा लावला. म्हणूनच शेतकऱ्यांशी 'भागीदारी' करणाऱ्या कंपन्या आणि संस्था यांच्याविषयी काही वाचले की माझ्या मनात एकच प्रश्न उभा राहतो: माल नाकारला गेला, बुडाला किंवा वाटेत नासला, तर तोटा कोणाच्या पदरात पडतो? गेल्या फेब्रुवारीत हाच प्रश्न घेऊन मी नाशिकहून आधी दिंडोरीकडे आणि मग पेठकडे गेले.

माझा पहिला मुक्काम मामांच्या एका स्नेह्यांकडे होता. सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही भाऊच म्हणते. त्यांची बाग अडीच एकरांची आहे. देशातील सुमारे ८६ टक्के शेतखाती दोन हेक्टरांहून लहान आहेत, असे २०१५-१६ ची कृषी गणना सांगते, आणि भाऊ त्या ८६ टक्क्यांतलेच. फरक एवढाच की द्राक्ष हे लहान शेतकऱ्याचे पीक असले तरी त्याचा खर्च लहान नसतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपासची फळछाटणी, त्यानंतर डावणी आणि भुरी या बुरशीजन्य रोगांसाठी फवारण्या, घडांची विरळणी, मणी फुगण्यासाठी जीए या संजीवकात घड बुडवणे, असे वर्षभर काही ना काही चालूच असते आणि प्रत्येक कामाला पैसा आधी घालावा लागतो. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड परिसरात गारपीट झाली, तेव्हा कित्येक बागांत हा सगळा खर्च करून झालेला होता.

मी पोहोचले तेव्हा तोडणी सुरू होती. सकाळची थंडी उतरली नव्हती आणि वेलींखालच्या हिरव्या उजेडात पंधरा-सोळा बाया कात्र्या घेऊन घड उतरवत होत्या. घड देठाला धरायचा, मण्यांना बोट लागू द्यायचे नाही, कारण बोट लागले की मण्यावरची पांढुरकी लव पुसली जाते आणि घड हाताळलेला दिसतो. तडकलेला किंवा बारीक मणी कात्रीच्या टोकाने काढायचा आणि मग घड क्रेटमध्ये ठेवायचा. भाऊंनी हातातल्या यंत्रावर रसाचा थेंब ठेवून मला गोडी दाखवली; ती १८ ब्रिक्सच्या, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाच्या, थोडी वर होती. "बाग पिकवायचं आम्हाला कळतं, ताई," ते म्हणाले, "पण ती बागेबाहेर गेली की पुढचं काही आपल्या हातात राहत नाही." आमचे अण्णा हेच वाक्य जवळजवळ याच शब्दांत म्हणत असत.

'बागेबाहेरचे' हातात घेण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात जुना आहे. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' उभी केली आणि परदेशी बाजाराची पहिली शिस्त अनेक शेतकऱ्यांनी तिथे शिकली. त्यानंतरचा मोठा प्रयत्न म्हणजे मोहाडीची 'सह्याद्री'. राहुरीच्या कृषी विद्यापीठात कृषी अभियांत्रिकी शिकलेले आडगावचे विलास शिंदे आणि त्यांच्यासोबतचे शेतकरी यांनी २०१०-११ च्या सुमारास ही शेतकरी उत्पादक कंपनी सुरू केली. भाऊंचा माल तिथेच जाणार होता, म्हणून दुपारी क्रेटने भरलेल्या पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून मीही मोहाडीला गेले.

पॅकहाउस पाहताना आपण भाजीबाजाराचे नाही, तर एखाद्या कारखान्याचे पाहुणे आहोत असे वाटते. डोक्याला टोपी आणि अंगात एप्रन घातलेल्या मुलींच्या रांगा, प्रत्येकीसमोर तराजू, पनेटमध्ये, म्हणजे विक्रीच्या छोट्या डब्यात, बसणारे नेमके वजन. पॅकिंग झालेला माल प्रीकूलिंगला, म्हणजे झटपट थंड करायला, जातो आणि पुढे शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास राहतो. पेटीत घातलेल्या कागदी पॅडमधून गंधकाचा वायू हळूहळू सुटत राहतो आणि बुरशीला रोखतो. एवढे केल्यावरच तो घड न्हावा-शेवा बंदराहून युरोपापर्यंतचा काही आठवड्यांचा समुद्रप्रवास सोसू शकतो. पण मला त्या थंड खोल्यांपेक्षा क्रेटला लावलेल्या एका चिठ्ठीने जास्त वेळ थांबवले. तिच्यावर भाऊंच्या प्लॉटचा नोंदणी क्रमांक होता. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी 'अपेडा' या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या 'ग्रेपनेट' प्रणालीत प्रत्येक बाग स्वतंत्र नोंदवली जाते, तोडणीआधी तिथला नमुना प्रयोगशाळेत जातो आणि फवारणीचे अंश मर्यादेत असले तरच माल पुढे सरकतो. परदेशातल्या एखाद्या दुकानातला डबा हातात घेऊन तो दिंडोरीच्या कोणत्या प्लॉटमधून आला हे शोधता येते, ते या क्रमांकामुळे.

या व्यवस्थेचे कौतुक करताना २०१० हे वर्ष विसरता येणार नाही. त्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनरमागून कंटेनर अडकले. आपल्याकडे 'सीसीसी' या नावाने ओळखले जाणारे हे रसायन फुटव्यांची बेसुमार वाढ रोखण्यासाठी खरड छाटणीनंतर वापरले जात असे, आणि ते कोणी चोरून वापरत नव्हते. तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते, म्हणून भारतात नमुने पास झाले. तिकडे मात्र मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि माल नापास झाला. शिवाय हे द्रव्य वेलीच्या लाकडात साठून राहते, त्यामुळे फवारणी थांबवली तरी पुढच्या वर्षी ते फळात उतरू शकते. नियम ठरवणारे एकीकडे, सल्ला देणारे दुसरीकडे, आणि भरपाई करणारा शेतकरी मात्र बागेतच उभा. ज्या भागीदारीत नियमाची माहिती शेतकऱ्यापर्यंत सगळ्यात शेवटी पोहोचते, तिला मी भागीदारी म्हणणार नाही. तपासणीची यादी पुढे वाढली खरी, पण ज्यांचे पैसे गेले त्यांचे गेले.

माझा प्रश्न मी संध्याकाळी भाऊंच्या ओट्यावर विचारला. भाऊंनी थेट उत्तर देण्याऐवजी मला हिशेबाची वही दाखवली. ती वही समजायला आधी कायदा पाहावा लागतो. उत्पादक कंपनीचा कायदा कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने आला. तो सहकार आणि कंपनी यांच्या मधला मार्ग आहे: किमान दहा उत्पादक लागतात, भागधारक फक्त उत्पादकच होऊ शकतो, आणि भाग कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला मत एकच. याच कायद्यात एक तरतूद आहे, जिच्यावर फारसे बोलले जात नाही. सभासदाला माल दिल्यावर सुरुवातीला संचालक मंडळ ठरवेल तेवढीच रक्कम मिळते, उरलेली रक्कम रोखून ठेवता येते आणि ती नंतर दिली जाते. म्हणजे समुद्रात जहाजाला उशीर झाला किंवा तिकडचा दर पडला, तर तो फटका कोणा एकाच्या वहीत न उतरता सगळ्यांच्या वह्यांत थोडा थोडा उतरावा, अशी योजना आहे. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवासाचे दिवस खूप वाढले. द्राक्षासारख्या नाशवंत मालाला ते फार महाग पडते. अशा वेळी एकट्या दीड एकरवाल्याचे काय झाले असते, हे मला आमच्या घरावरून कळते.

याचा अर्थ सगळे प्रश्न सुटले असा नाही. फक्त उत्पादकच भागधारक, या नियमामुळे बाहेरचे भांडवल आणणे कठीण होते. २०२२ मध्ये इन्कोफिन, कोरीस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपीय गुंतवणूकदारांनी 'सह्याद्री'त सुमारे ३१० कोटी रुपये घातले, ते काढणीनंतरची कामे पाहणाऱ्या उपकंपनीत. शीतगृहे आणि प्रक्रिया उद्योग यांना एवढा पैसा लागतोच, आणि शेतकऱ्यांच्या संस्थेवर परदेशी गुंतवणूकदाराने विश्वास टाकावा ही अभिमानाचीच गोष्ट आहे. तरीही एक सभासद एक मत या पायावर उभी असलेली मूळ कंपनी आणि भांडवलाच्या प्रमाणात बोलणारी उपकंपनी यांच्यात पुढे कोणाचा शब्द वरचढ ठरतो, याकडे सभासदांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे असे मला मनापासून वाटते. भाऊ दरवर्षी सभेला जातात. "सगळं कळतं असं नाही, पण जातो," ते म्हणाले. ते जातात, हे ऐकून मला फार बरे वाटले.

मात्र त्या रात्री मला झोप लागेना, ती एका वेगळ्याच कारणाने. दुपारी बागेत माझ्या शेजारी घड उतरवणारी एक मावशी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची होती. त्यांची सगळी टोळीच तिकडची; मुकादमामार्फत उक्ते काम घेऊन विरळणीला आणि तोडणीला खाली उतरणारी. पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी मजुरांशिवाय दिंडोरी-निफाडची द्राक्षे युरोपला जाऊच शकत नाहीत, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. प्लॉटला नोंदणी क्रमांक असतो, फवारणीची तारीख नोंदवलेली असते, पण घड उतरवणाऱ्या हाताचा तोटा मात्र कुठल्याही वहीत दिसत नाही. गारपीट झाली तर बागायतदाराचा पंचनामा होतो. मावशीचे कामाचे पंधरा दिवस बुडतात, त्यांचा पंचनामा कोणी करत नाही. मावशी म्हणाल्या होत्या, "आमची बी वाडी हाय, बघाया ये." त्यांना दोन दिवस घरी जायचेच होते, म्हणून मी त्यांच्याबरोबर निघाले.

नाशिकहून पेठचा रस्ता धरला की रामशेजचा कातळ मागे पडतो, द्राक्षांचे मांडव विरळ होतात आणि सावळ घाटात शिरेपर्यंत मुलूख पूर्ण बदललेला असतो. पावसाळ्यात इथे पाणी मावत नाही आणि मार्चपासून हंड्यांच्या रांगा लागतात. नागली, वरई, भात ही उताराची पिके. ती झाली की माणसे खाली मजुरीला. मावशींची वाडी म्हणजे घरामागच्या उतारावरची एकरभर जमीन, आंबा आणि काजू यांची झाडे, आणि कडेने जंगली झाडांचे जिवंत कुंपण. आंब्यांना मोहोर आला होता आणि सगळा उतार त्या वासाने भरून गेला होता.

या वाडीमागे एक लांबची भागीदारी आहे. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या 'बाएफ' या ग्रामविकासाचे काम करणाऱ्या संस्थेने १९८२ मध्ये शेजारच्या गुजरातेतील वांसद्याला आदिवासी कुटुंबांबरोबर वाडीचा प्रयोग सुरू केला. पुढे 'नाबार्ड' ही आपली शेती-ग्रामविकासाची बँक आणि जर्मनीची 'केएफडब्ल्यू' ही विकास बँक त्यात उतरली. गुजरातेत १९९५ पासून आणि २००० पासून महाराष्ट्रात, नाशिक आणि ठाणे या जिल्ह्यांत, हे काम वाढले. कलम चांगले फळ देऊ लागायला चार-पाच वर्षे जातात. तोवर उत्पन्न नाही, आणि पहिले दोन उन्हाळे पाणी डोक्यावरून आणून घालावे लागते. मावशींनी मला त्या वेळचा नाला दाखवला. तिथून वाडीपर्यंतची चढण मी मोकळ्या हातांनी चढताना दोनदा थांबले. पहिल्या वर्षी त्यांची सहा कलमे वाळली आणि ती बदलून मिळाली. तिसऱ्या वर्षीही कार्यकर्ता येत राहिला, हे त्यांनी मला दोनदा सांगितले.

माझ्या प्रश्नाला इथे एक जोड मिळाली. तोटा कोण सोसतो, याबरोबरच पीक हाती येईपर्यंत सोबत कोण थांबतो, हेही विचारायला हवे. द्राक्षाचा करार एका हंगामाचा असू शकतो, आंब्याचा नाही. फळ हाती आल्यावरही विक्रीची अडचण उरतेच. वाडीधारकांच्या सहकारी संस्थांनी मिळून २००४ मध्ये 'वसुंधरा' ही उत्पादक कंपनी काढली आणि 'वृंदावन' या नावाने लोणचे, काजू, आंब्याचा रस बाजारात आणला. कायदा तोच, जो मोहाडीला लागू आहे. फक्त इथले सभासद द्राक्षमांडवाखाली मजुरीला जाणाऱ्यांतले. मावशींचा आंबा मात्र बहुतेक वेळा रस्त्यावरच्या व्यापाऱ्याला जातो, कारण तो जागेवर रोख पैसे देतो आणि त्या वेळी खरिपाच्या बियाण्यासाठी घरात पैसे हवे असतात. रोखून ठेवलेल्या दराची सोय ज्याच्या घरात चार महिने पुरतील एवढे पैसे आहेत त्यालाच परवडते, हे मला तिथे बसल्यावर समजले. आगाऊ रकमेची सोय नसेल, तर सगळ्यात गरीब सभासद सगळ्यात आधी बाहेर पडणार.

रात्री नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी जेवलो. वाडी लागल्यापासून दोन्ही मुले शाळेसाठी गावातच राहतात, घरातली फक्त मोठी माणसे खाली जातात आणि तीही पूर्वीसारखी सहा महिने नाही, असे मावशींच्या सुनेने सांगितले. किती महिने, हे तिने बोटांवर मोजून पाहिले आणि म्हणाली, "औंदा तीन."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जीप आली. भाऊंच्या बागेत तोडणी अजून चार दिवस चालणार होती. आत आणि टपावर मिळून वीसेक माणसे बसली. मावशींनी मांडीवर नागलीची पुरचुंडी घेतली होती, भाऊंच्या घरच्या वहिनींसाठी. सावळ घाट उतरताना मी त्यांना विचारले की आंबा कधी तयार होईल. "वैशाखात ये," त्या म्हणाल्या, "पण सांगून ये, नायतर व्यापारी आधी यायचा."