खबरदारी म्हणून

बोरिस जॉन्सन ब्रिटनचे पंतप्रधान असताना त्यांना कोरोना झालेला, आठवत असेल. ५ एप्रिल २०२० ला लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये नेलं, ते सरकारीच आहे, आणि दुसऱ्या दिवशी आयसीयूत हलवलं. ऑक्सिजन लागला, व्हेंटिलेटर नाही लागला, पुढं लागलाच तर जवळ असावा म्हणून खबरदारी घेतली असं तेव्हा सांगितलं होतं. पंतप्रधान होते म्हणून बेड मिळाला का, यावर परवा विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) आत्याकडं जेवताना आमचा लय वाद झाला.

माझं म्हणणं, त्यांना नेलं यात चूक काहीच नाही, पेशंट कोसळायच्या आधी नेणं हेच तर बरोबर. आपल्या केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं २०२४ च्या सुरुवातीला आयसीयूत कुणाला घ्यायचं याच्या सूचना काढल्या, त्यात श्वासाला मदत लागणारा पेशंट आहे, शुद्ध हरपत चाललेला आहे आणि पुढं तब्येत बिघडू शकते असा पण आहे. म्हणजे खबरदारी आपल्यालाही आहे की! पद, ओळख, चिठ्ठी यातलं काही त्यात नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सनं खासदारांच्या उपचारासाठी खास व्यवस्था ठरवलेली, डॉक्टरांच्या संघटना चिडल्या आणि काही दिवसांत ती मागं घ्यावी लागली. कागदावर होतं म्हणून दिसलं, दिसलं म्हणून थांबवता आलं. फोनचं काय करणार? आमच्याकडचे बहुतेक पुढारी आजारी पडले की पुण्या-मुंबईला खाजगीत जातात, सरकारी आयसीयूत त्यांचा फक्त फोन येतो.

आत्याचंच सांगतो. आयुष्य विड्या वळण्यात गेलं, त्यात न्यूमोनिया झाला, एका सरकारी दवाखान्यात (गाव, नाव लिहीत नाही) रात्रभर वॉर्डात ऑक्सिजनवर ठेवली कारण आयसीयू फुल्ल. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८६ टक्के. सकाळी चुलतभावानं एका पुढाऱ्याच्या पीएला फोन लावला आणि दुपारी बेड मिळाला. सॅच्युरेशन तेव्हाही ८६ च होतं, डॉक्टर तेच, बेड तेवढेच. मग त्या बेडवर आधी कुणाचा नंबर होता, हा प्रश्न मला अजून सोडत नाही, आणि म्हणून मला वाटतं आयसीयूच्या दारावर रोज किती बेड भरले, किती जण थांबलेत, कुणाला कशासाठी आधी घेतलं हे नावं न लिहिता लावलंच पाहिजे.

आत्या म्हणाली, "फोन लावला नसता तर आज तुला वाढायला कोण होतं रे?" मी गप्प बसलो. तिला शेजारच्या कॉटवरचे म्हातारे बाबा आठवत नाहीत, ती शुद्धीत नव्हती. त्यांनाही मास्क होता. आमची ट्रॉली निघाली तेव्हा त्यांचा मुलगा मागं मागं आला, हळूच विचारलं, "दादा, कुणाला फोन लावला तुम्ही?" मी पीएचा नंबर दिला. लिफ्टचं दार लागेपर्यंत तो कानाला मोबाईल लावून उभा होता, तिकडून कुणी उचलत नव्हतं.