चौथ्या भिंतीचे दोन चौरस मीटर

पुराचा विमा क्लेम बघायला आम्ही सर्व्हेअर पोहोचतो तोवर पाणी ओसरलेलं असतं. उरतो तो वास आणि भिंतीवरची रेघ. गेल्या पावसाळ्यात ठाण्यात, खाडीकडच्या सखल भागातल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर गेलो, तर तिथे रेघसुद्धा नव्हती. काकूंनी फिनेल घालून भिंती घासून काढल्या होत्या. गाद्या घंटागाडीत गेल्या होत्या. "साहेब येणार म्हणून आवरलं," म्हणाल्या. गादी फेकण्याआधी भिंतीला मोजायची टेप लावून चार फोटो काढा, हे पॉलिसी विकणारा कुणालाच सांगत नाही.

पॉलिसी 'भारत गृह रक्षा'. घरांसाठीचा हा प्रमाणित मसुदा १ एप्रिल २०२१ पासून आला आणि, क्वचित म्हणतो, चांगला आहे. विमा फ्लॅटच्या बाजारभावाचा नसतो, बांधकामखर्चाचा असतो. इथे कार्पेट ४५ चौरस मीटर, दर ३०,००० रुपये, म्हणजे साडेतेरा लाख. सामानाला त्याचे आपोआप २० टक्के, दोन लाख सत्तर हजार. यादी द्यावी लागत नाही, कमाल मर्यादा १० लाख. विमा कमी रकमेचा काढला म्हणून भरपाईला त्या प्रमाणात कात्री लावायची जुनी पद्धतही यात नाही.

अडचण वेगळीच होती. विमा कंपनीच्या क्लेम तपासणाऱ्या डेस्कवरून शेरा आला होता: 'पाणी न्हाणीच्या जाळीतून आल्याचे जबाबात नमूद. प्लंबिंगचा दोष? तपासा.' जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळेला गाठ पडली की नाले खाडीत रिकामे होत नाहीत. पाणी मागे फिरतं आणि सगळ्यात खालच्या जाळीतून घरात वर येतं. दारातून येणारं पाणी त्याच्या मागून येतं. शेरा लिहिणारा बाराव्या मजल्यावर राहत असावा.

पण शेऱ्याला उत्तर पुराव्यानेच द्यावं लागतं. मेन स्विच बंद करून टीव्हीमागचा स्विचबोर्ड उघडला. आतल्या डब्यात गाळाची रेघ तशीच होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी; तिथे फिनेल पोहोचलं नव्हतं. फरशीपासून ५८ सेंमी. मग गवंड्यांची लेव्हलची नळी काढली. दहा मीटर पारदर्शक नळी, आत पाणी, हवेचा एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. एक टोक बोर्डाशी, दुसरं खिडकीच्या ग्रिलमधून बाहेर कंपाउंडच्या भिंतीवर. फरशी अंगणापासून ४५ सेंमी उंच, म्हणजे बाहेर १०३ ला रेघ हवी. भिंतीवरचा गाळ १०४ ला. आत आणि बाहेर पाण्याची पातळी एक, मग आत शिरलं ते पुराचंच. प्लंबिंग तुंबलं असतं तर फक्त घरातच साचलं असतं. नळीसकट फोटो रिपोर्टला जोडले. हल्ली बरेच जण व्हिडिओ कॉलवर सर्व्हे उरकतात. ही नळी फोनमधून लावता येत नाही.

सामानात वाद झाला नाही. बॉक्सबेडची प्लाय साधी, आयएस ३०३ च्या शिक्क्याची, पापुद्रे सुटलेले. किचन ट्रॉलीची ७१० ची, म्हणजे पाण्यात टिकणारी मरीन प्लाय, ती शाबूत; फक्त रनर गंजले, तेवढेच धरले. वॉशिंग मशीन गेलं. फ्रीज त्यांनी आठवडाभर सुकवून मग लावला म्हणून वाचला. पार्किंगमधली स्कूटी मोटार पॉलिसीत जाते, घराच्या नाही.

भाड्याचं मात्र वाईट वाटलं. घर राहण्याजोगं नसेल तर पर्यायी जागेचं भाडं पॉलिसी देते. काकू अकरा दिवस कळव्याला बहिणीकडे होत्या. बहीण पावती देणार का? शून्य लिहिलं. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत त्यांनी जपून ठेवली होती, "हे पुरेल ना?" म्हणून. तो सरकारी मदतीचा कागद. पाणी आलं होतं एवढं त्यातून दिसतं, नुकसानीचा हिशेब आम्ही वेगळा करतो.

आता भिंती. डेस्कचं म्हणणं, पाणी ५८ सेंमी, मग रंग ५८ सेंमीपर्यंतच. पण प्लास्टर वातीसारखं पाणी वर ओढतं. ओल १ मीटर १० सेंमीपर्यंत चढलेली, आणि अर्ध्या भिंतीचा रंग अर्ध्याशी कधीच जुळत नाही. तीन भिंती पूर्ण उंचीने धरल्या, भांडून मंजूर करून घेतल्या.

चौथी बाथरूमला लागून. तिच्यावर दीड मीटरच्या वरही लोणा, म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारा क्षार होता, पांढरा, जाड, बोटाने खरवडला की पीठ पडेल असा. लोणा इतक्या थोड्या दिवसांत धरत नाही. ओल-वाळण्याचे बरेच फेरे लागतात. जुनं सीपेज पॉलिसीत बसत नाही. पूर्ण भिंत वगळली.

काकूंनी रिपोर्टची प्रत मागवून वाचली आणि फोन केला. "साहेब, लोणा जुनाच, मी कुठे नाही म्हणते? पण पुराचं पाणी त्या भिंतीला सोडून गेलं का?"

३.६ मीटर लांब, ५८ सेंमी उंच. जेमतेम दोन चौरस मीटर. रेघेखालचं प्लास्टर तिथेही पोकळ वाजत होतं, माझ्याच नोंदवहीत आहे. पैसे तोवर त्यांच्या खात्यात जमा झाले होते. पुरवणी रिपोर्ट लिहायला घेतला आहे. डेस्क विचारणार, पहिल्यांदा का नाही धरलं, आणि त्या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.