तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या काळाचं सामान सोलापुरात कुठून मिळवायचं?

"जुन्या काळातलं फोटोशूट करायचंय, पण सामान आणायचं कुठून? पुण्या-मुंबईहून भाड्यानं मागवावं लागेल का?" बुटीक चालवणाऱ्या आणि फॅशन फोटोग्राफीत नव्यानं उतरलेल्या मंडळींचा हा ठरलेला प्रश्न. सोलापुरात असाल तर बाहेर जायची वेळ क्वचितच येते. मात्र शोधाशोध सुरू करण्याआधी वर्ष पक्कं करा. नुसतं 'जुना काळ' म्हणून निघालात तर १९३० चा कंदील, १९५० चा रेडिओ आणि १९७५ चा टेबलफॅन एकाच फोटोत येऊन बसतात आणि घरातल्या आजीला ते पहिल्या नजरेत खटकतं.

वर्ष ठरलं की बरंच सामान आपोआप गळतं. पाकिटावर किंवा दुकानाच्या पाटीवर पिनकोड असेल, तर प्रसंग १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच हवा. नवे पैसे एप्रिल १९५७ पासूनचे, त्याआधीच्या गल्ल्यात आणे-पै. १९४० च्या स्वयंपाकघरात स्टीलचे डबे नकोत, तांबं-पितळच हवं. लाकडी सामानाचे स्क्रूही बघा. जुन्या स्क्रूला एकच सरळ खाच असते. फुलीची खाच दिसली तर वस्तू नवी किंवा मागाहून दुरुस्त केलेली. दुरुस्तीची असेल तर ती बाजू कॅमेऱ्यापासून वळवा, काम भागतं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या वर्षी ती वस्तू जुनी नव्हती. १९४५ साली रेडिओ ही दिवाणखान्यात मिरवायची चीज होती, पॉलिश उडालेला, काच तडकलेला रेडिओ कुणी पाहुण्यांसमोर ठेवला नसता. पितळ रोज चिंच-राखेनं घासलं जायचं. म्हणून काळंहिरवं पडलेलं घंगाळ 'अँटिक लूक' म्हणून तसंच वापरू नका, लख्ख करून घ्या. वस्तू मागून आणलेली असेल तर आधी मालकाला विचारा, काहींना ती पुटं जपायची असतात.

आता कुठे मिळतं ते. तांब्या-पितळेसाठी भांड्यांची दुकानं गाठा, पण शोकेसमधलं बघू नका, मोडीत आलेलं बघू द्या म्हणा. फिरकीचा तांब्या, पानाचा डबा, अडकित्ता, बंब, कडीचे डबे वितळायला जाण्याआधी तिथं पोत्यात पडून असतात आणि वजनावर मिळतात. दसरा-दिवाळीच्या आधी घराघरांतली साफसफाई निघते, तेव्हा मोडीत आणि भंगारात सगळ्यात चांगला माल येतो. ट्रंका, खुर्च्या, लोलकाची घड्याळं विकत घेण्यापेक्षा जुन्या घरांतून मागून आणावीत. नेताना मालकासमोर चारही बाजूंनी फोटो काढा, आधीचे ओरखडे चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करा.

सोलापूरची खरी दौलत मात्र पूर्व भागातल्या कारखान्यांत आहे. साखर पेठ, अशोक चौकाकडे चौकशी केलीत तर बंद पडलेल्या मागांचे लाकडी धोटे (आडवा धागा नेणारे), धाग्याच्या कांड्या आणि जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारी, पुठ्ठ्याची कार्डं मिळू शकतात. दोरीनं ओवलेल्या, भोकं पाडलेल्या या कार्डांची माळ उभी टांगली की असा पडदा होतो, जो भाड्याच्या कुठल्याही सेटवर मिळणार नाही. दोरी कुजलेली असते, म्हणून माळ एका टोकाला धरून उचलू नका; खाली बांबू घालून सगळी एकदम उचला. मागून चार-पाच फुटांवर फ्लॅश ठेवा, त्याला सॉफ्टबॉक्स, म्हणजे उजेड मऊ करणारी कापडी पेटी, लावू नका. उघड्या, लहान उजेडानंच भोकांचे ठिपके साडीवर रेखीव पडतात. सॉफ्टबॉक्समधून ते पसरट होऊन विरतात. मॉडेल कार्डांच्या जवळ उभी असेल तर ठिपके आणखी ठसठशीत येतात.

ग्रामोफोनच्या बाबतीत फसगत ठरलेली. चकचकीत पितळी कर्णा आणि आठकोनी पेटी असलेले जे नग 'अँटिक' म्हणून विकले जातात, ते बहुतेक नव्यानं जुळवलेले असतात. शिवाय १९४० च्या घरात कर्ण्याची फॅशन मागे पडली होती. तेव्हा सूटकेससारखी बंद होणारी पेटी हवी, एचएमव्हीचं १०२ हे मॉडेल १९३१ पासूनचं. तबकडी लाखेची असते, उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवली की वाकते आणि पडली की तुकडे होतात. व्हॉल्व्हचा जुना रेडिओ विजेला जोडू नका, काहींच्या सांगाड्यातच करंट उतरतो. डायलमागे बॅटरीवरचा पिवळसर एलईडी ठेवला की झालं.

लख्ख पितळेत फोटोग्राफर आणि दिवे दिसतात. इथं बरेच जण पोलरायझर फिल्टर लावतात आणि वैतागतात, कारण तो काच-वार्निशवरची चमक कापतो, धातूवरची नाही. मांजरपाटाचा मोठा तुकडा बाजूला ताणून धरा, म्हणजे भांड्यात पांढरं कापडच दिसेल. तेवढ्यानं भागलं नाही तर रुमालानं किंचित टाल्कम पावडर थापा.

साडी आजीच्या पेटीतली असेल तर घडीवरचं रेशीम आधी बोटांनी हलकं ताणून बघा. कुरकुरलं तर ती नेसवू नका, खुर्चीच्या पाठीवर टाका. सेफ्टी पिना तिला अजिबात नकोत.

परत पाठवताना घड्याळाचा लोलक काढून वेगळा गुंडाळा. तो लटकता राहिला तर वाटेतल्या धक्क्यांनी वरची पातळ पट्टी तुटते. वेळ लावतानाही मोठा काटा पुढेच फिरवा, मागे फिरवला तर टोल्यांचा मेळ चुकतो. ग्रामोफोनची चावी पूर्ण उतरू द्या, सुई काढा आणि आवाजाचा दांडा मऊ सुती पट्टीनं बांधा.