आधी दुर्बीण, मग पॅकेज

ठाण्यात चरईला माझं पोळीभाजी केंद्र आहे. तीस किलो उतरल्यापासून काउंटरवर भाजी कुठली यापेक्षा माझ्या पोटाची चौकशी जास्त होते. कुठे केलंत? किती लागले? केस गळाले का? (गळाले. चौथ्या महिन्यात कंगव्यात पुंजके यायचे, पुढे थांबलं.) पण "कुठलं ऑपरेशन केलंत?" हे क्वचितच कोणी विचारतं. वजनाचं ऑपरेशन म्हणजे एकच काहीतरी असतं, अशीच बहुतेकींची समजूत. आता सगळं एकदाच लिहून टाकते, म्हणजे गिऱ्हाइकीच्या वेळी तव्यावरची पोळी करपायची नाही.

मला स्वतःला त्यातलं स्लीव्ह नावाचं ऑपरेशन हवं होतं. कारण माझी नणंद. ती कोपरखैरण्याला राहते, तिने माझ्या आधी स्लीव्ह केली होती आणि मस्त बारीक झाली होती. "वहिनी, सोप्पं आहे गं. आतड्याला हातसुद्धा लावत नाहीत," असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. तिचं खोटं नव्हतं. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात आणि एक अरुंद उभी नळी शिल्लक ठेवतात. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होतं, तो भागही जातो. म्हणून थोड्याशा खाण्यात पोट भरतं आणि भूकही मंदावते. दुसरं ऑपरेशन बायपास. त्यात जठर काढत नाहीत. त्याच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलीची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून तिला जोडतात. म्हणजे बाकीचं जठर आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून अन्न खाली जातं. दोन जोड येतात. नुसतं ऐकूनच छातीत धस्स होतं, त्यामुळे मी ते मनातून आधीच बाद केलं होतं.

पहिल्यांदा जिथे गेले, तिथे डॉक्टरांच्या आधी एक काउन्सेलर मुलगी भेटली. उंची, वजन, मेडिक्लेम कुठल्या कंपनीचा, एवढं विचारून झालं आणि रात्री व्हॉट्सॲपवर दरपत्रक आलं. स्लीव्ह, मिनी बायपास, बायपास, तीन रकाने, आमच्या केटरिंगच्या कार्डावर साधं ताट, स्पेशल ताट, शाही ताट असतं तसे. खाली लिहिलेलं, "या महिन्यात बुकिंग केल्यास डाएटिशियन मोफत." मी धंदेवाली बाई आहे, सूट कशी देतात आणि का देतात ते मला कळतं. मी उत्तर दिलं नाही.

मग ओळखीतल्या एका फिजिशियनबाईंनी ठाण्यातच दुसऱ्या सर्जनकडे पाठवलं. त्यांचा पहिलाच प्रश्न मला अजून आठवतो. "रात्री उशाला किती उशा घेता?"

"दोन."

"का?"

एका उशीवर झोपले की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून. आणि सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोलची गोळी, तीही इतक्या वर्षांपासून की मी ती औषधात धरतच नव्हते, चहाच्या आधीचा एक घोट पाणी तेवढाच तिचा हिशोब. नाक्यावरच्या केमिस्टकडून पट्टी आणायची, चिठ्ठीसुद्धा लागायची नाही. पुढचे प्रश्न आणखी अनपेक्षित होते. गुडघ्यांसाठी वेदनाशामक घेता का, कुठली, किती वेळा? पाळीला अंगावरून जास्त जातं का? घरात कोणाला जठराचा कॅन्सर होता का? आणि "तंबाखू, सिगारेट, मिश्री?"

मिश्री म्हटल्यावर मला हसू आलं, कारण आमच्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी दुपारच्या चहानंतर हमखास डबी काढतात. ते मात्र हसले नाहीत. बायपासनंतर पिशवी आणि आतड्याच्या जोडावर अल्सर होऊ शकतो, आणि धूम्रपान व तंबाखू ही त्याची नेहमीची कारणं. बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून "नाही" म्हणतात आणि मिश्रीचं सांगायचं राहून जातं, म्हणून ते नाव घेऊन विचारतात.

मग एंडोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी. घशात कडू स्प्रे मारून घसा बधिर करतात आणि कुशीवर वळवतात, बाकी फार काही सांगण्यासारखं नाही. रिपोर्टमध्ये आलं: हायटस हर्निया, इसोफॅगायटिस ग्रेड बी. म्हणजे जठराचा वरचा भाग पोट आणि छातीमधल्या पडद्यातून वर छातीकडे सरकलेला आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला आम्लाने पडलेले ओरखडे.

सर्जननी त्याच रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने दोन चित्रं काढली. स्लीव्हची नळी अरुंद, त्यामुळे आतला दाब वाढतो. वरची झडप आधीच सैल. दाबाला वाट वरच्या दिशेनेच. हर्निया त्याच वेळी शिवता येतो, पण ओरखडे असताना त्या भरवशावर स्लीव्ह करायला ते तयार नव्हते. बायपासच्या छोट्या पिशवीत आम्ल फारसं तयार होत नाही आणि पित्त खूप खाली येऊन मिळतं, म्हणजे वर चढायला फारसं काही उरत नाही.

माझी लेक बी.फार्म. करते. तिने दोन अभ्यास शोधून काढले. दोन्हींत रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून काहींना स्लीव्ह, काहींना बायपास केलेलं. स्वित्झर्लंडचे पाच वर्षांचे निकाल २०१८ साली आले. आधीपासून जळजळ असलेल्यांपैकी ती वाढली स्लीव्हमध्ये ३१.८ टक्के जणांची, बायपासमध्ये ६.३ टक्के. फिनलंडचे दहा वर्षांचे निकाल २०२२ चे. तिथे दुर्बिणीतून अन्ननलिकेला सूज दिसली ती स्लीव्हमध्ये ३१ टक्क्यांना, बायपासमध्ये ७ टक्क्यांना. वजनातला फरक त्या मानाने थोडा: जादा वजनापैकी स्लीव्हने साधारण ४३.५ टक्के उतरलेलं, बायपासने ५०.७. म्हणजे "कशात जास्त उतरतं" हा जो प्रश्न सगळ्या बायका आधी विचारतात, त्याने माझा निर्णय झालाच नसता. घशाने झाला.

पण थांबा, इतकं सरळ नव्हतं. तीन गोष्टी बायपासच्या विरोधात होत्या.

गुडघे. दिवसभर ओट्याशी उभी, त्यामुळे डायक्लोफेनॅक माझ्या पर्समध्ये कायम. बायपासनंतर त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या बंद, कारण तोच जोडावरचा अल्सर. हाडांच्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉलवर भागेल का हे आधी पाहिलं, ऑपरेशननंतर नव्हे. भागलं. ज्यांना संधिवातासाठी अशा गोळ्या रोज लागतातच, त्यांनी हा प्रश्न सर्जनसमोर मांडल्याशिवाय सही करू नये.

दुसरं हिमोग्लोबिन, ९.८. लोह शोषलं जातं मुख्यतः आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागात, तोच बायपासमध्ये बाजूला पडतो. त्यात मी शाकाहारी आणि पाळी अजून चालू. आधी बायकांच्या डॉक्टरांकडे, मग शिरेतून लोह, मग पुन्हा रक्त तपासणी. ऑपरेशन त्यासाठी पुढे गेलं. नवरा वैतागला, मी नाही.

तिसरं माझा धंदा. दिवसभर चव घ्यायची. गोड जास्त गेलं तर बायपासवाल्यांना डम्पिंग होतं: साखर झपकन आतड्यात उतरते, घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावंसं वाटतं. होळीच्या पुरणपोळ्या आणि गणपतीतले उकडीचे मोदक यांच्यावर आमचा वर्षाचा नफा. सर्जन म्हणाले, "चव घ्या, वाटी नको."

मिनी बायपासचाही मोह झाला होता. रॉबर्ट रटलेज नावाच्या अमेरिकन सर्जनने १९९७ मध्ये सुरू केलेलं, आपल्याकडे बरंच होतं. एकच जोड, वेळ कमी. पण त्यात पित्त त्या लांबट पिशवीच्या जवळून वाहतं आणि वर येऊ शकतं, आणि आतडं सहसा जास्त लांबीचं टाळलेलं असल्याने लोह-प्रथिनांची कमतरता अधिक. सोललेली अन्ननलिका आणि ९.८ हिमोग्लोबिन असलेल्या बाईने ते का करावं? बँडचं तर कोणी नावही काढलं नाही. एके काळी जठराला बाहेरून पट्टा बसवायचे, त्यातले कितीतरी पट्टे पुढे काढावे लागले.

काउंटरवर एक वाक्य फार ऐकते, "आधी स्लीव्ह करू, नाही जमली तर बायपास आहेच." होतं तसं, नाही असं नाही. पण दुसऱ्यांदा पोटात शिरताना आत चिकटलेलं असतं, स्टेपलची जुनी रेघ असते, धोका पहिल्यापेक्षा जास्त आणि उतरणारं वजन बहुधा कमी. कापून टाकलेलं जठर तर परत मिळत नाहीच. आणि पैसे. मेडिक्लेमच्या ठरावीक अटींत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४० हवा, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असं काही. डॉक्टरांच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना ३५ ला कुठल्याही आजाराविना ऑपरेशन सुचवतात आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी ऑपरेशनची रेघ २७.५ वर ओढतात, पण विम्याचा कागद आपल्या जागी ठाम. मी १५५ सेंटीमीटर, ९८ किलो, म्हणजे ४०.८. निभावलं. दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी मात्र वजन उतरलेलं असतं, त्रास जळजळीचा असतो, आणि जळजळ त्या यादीत नाही. वाद तिथे सुरू होतो. खिशातून द्यायचे तर मला सांगितलेले आकडे साडेतीन ते पाच लाखांचे होते.

यावरून कोणी "बायपासच भारी" असं समजू नका. नणंदेची दुर्बीण स्वच्छ होती, जळजळ कधी नव्हती, हिमोग्लोबिन काठावरचं. तिला स्लीव्हच योग्य होती आणि तिचं उत्तम चाललंय. फक्त स्लीव्हनंतर त्रास नसला तरी ठरावीक काळाने दुर्बिणीची तपासणी करायची असते, ती ती टाळते. हे वाचशील तेव्हा फोन कर गं.

२०२४ च्या दिवाळीनंतर माझं झालं. आधी दोन आठवडे प्रोटीनची पावडर, ताक आणि सूप, यकृत आक्रसून सर्जनला जागा मिळावी म्हणून. स्वतःच्या स्वयंपाकघरात बटाट्याच्या भाजीला फोडणी देत उपाशी राहणं ही ऑपरेशनपेक्षा वाईट गोष्ट होती, हे सांगून ठेवते. नंतर तलावपाळीला फेऱ्या मारायचे, आधी एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत, मग पूर्ण तलाव. मधुमेहाची मेटफॉर्मिन तूर्तास बंद आहे, "तूर्तास" हा डॉक्टरांचा शब्द. आता एकच उशी.

गोळ्या मात्र जन्माच्या. लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियम दुपारी आणि रात्री, कारण दोन्ही एकत्र घेतली तर लोह अंगी लागत नाही. बी-१२ चं इंजेक्शन, वर्षातून ठरलेल्या रक्त तपासण्या. हे जमणार नसेल तर बायपासच्या वाटेला जाऊ नये, आणि स्लीव्हमध्येही गोळ्या सुटत नाहीत.

हल्ली तरुण मुली मौंजारो या वजन उतरवायच्या इंजेक्शनचं विचारतात. ते आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, माझ्या ऑपरेशननंतर. वजन उतरतं, पण थांबवलं की बहुतेकांचं परत चढतं, आणि महिन्याचा खर्च चालूच. कोणाला ते, कोणाला ऑपरेशन, हे डॉक्टरांनी ठरवावं, पोळीभाजीवालीने नव्हे.

डम्पिंगचा अनुभव एकदाच घेतला. गुढीपाडव्याच्या श्रीखंडाचा घाणा कसा झालाय बघायला दोन मोठे चमचे खाल्ले आणि पंधरा मिनिटांत कणकेच्या पोत्याला टेकून बसले, पदर घामाने चिंब, समोर साठ डब्यांची ऑर्डर. तेव्हापासून गोडाची चव मी जिभेच्या टोकावर घेते आणि चूळ भरते. पक्की चव घ्यायला दुसरं माणूस लागतंच. मावशी तयार होत्या, पण मिश्रीच्या जिभेवर माझा भरवसा नाही, म्हणून ते काम लेकीकडे आहे. तिला सगळंच जास्त गोड लागतं. मी वाटीभर गूळ वाढवून टाकते.