लोणारला हळदीचं कुंकू झालं

खरं सांगते, मी लोणारला गुलाबी पाणी बघायला गेले होते. जून २०२० मध्ये सरोवराचा रंग बदलला तेव्हा आलेले फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहेत. इतक्या वर्षांनी, तेही डिसेंबरात, पाणी माझ्यासाठी गुलाबीच थांबलं असेल असं मला का वाटलं, ते विचारू नका. सोबत मावशी होती. तिला कमळजा देवीची ओटी भरायची होती, म्हणजे दोघींपैकी एकीचं काम तरी नक्की होणार होतं.

संभाजीनगरहून जालना, मंठा करत एसटीनं पोचलो. लॉजवर ‘गरम पाणी सकाळी ६ ते ७’ अशी पाटी होती. गरम पाणी त्या पाटीवरच होतं.

सकाळी विवराच्या काठावर उभं राहिलो. सुमारे १.८ किलोमीटर रुंद वाडगा, दीडशे मीटर खोल, उल्का आदळून बेसाल्टमध्ये पडलेला. आणि तळाशी पाणी, अगदी पातळ पालकभाजीसारखं हिरवं. शेजारी एक गृहस्थ ड्रायव्हरवर खेकसत होते, "गुलाबी कुठाय रे?" मला फार राग आला. मग आठवलं, मीही त्यासाठीच आलेय.

खाली उतरायला गावातला एक पोरगा बरोबर घेतला. मी सँडल घालून उतरले, याबद्दल गुडघ्यांनी चार दिवस माझी खरडपट्टी काढली. उतारावर साग, सीताफळ, मध्येच मोराची केकाटणी. खाली वेडी बाभूळ माजलेली. आणि मग एका रेषेवर झाडंच संपली. पुढे करडा चिखल आणि नासलेल्या अंड्याचा वास. मावशीनं पदर नाकाला लावला. "मासोळी नाई राहत याच्यात, ताई," पोरगा म्हणाला.

देवीपुढे मावशीनं कोयरी उघडली आणि हात थरथरून हळद माझ्या पांढऱ्या रुमालावर सांडली. देऊळ पाण्याच्या काठालाच आहे. बाहेर येऊन, झटकून जाईना म्हणून मी रुमालाचं टोक पाण्यात बुडवलं. डाग लाल झाला. हळूहळू नाही, बघता बघता! मध्ये पिवळं, कडेनं विटकरी, मग सगळंच लालभडक. बोटांच्या पेरांनाही तोच रंग, आणि चोळली तर बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत.

"अगं, कुंकू झालं!" मावशी म्हणाली आणि तिनं रुमालालाच नमस्कार केला.

घरी हळदीच्या डागावर साबण घासला की तो लाल होतो, तेच हे. फक्त इथं साबणाच्या जागी अख्खं तळं आहे. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात लोणारच्या डोंगरात काच आणि साबण करायचं सामान मिळतं असं लिहिलंय, ते मला त्या बुळबुळीत बोटांनी पटलं. या वाडग्यात धार नावाच्या झऱ्याचं आणि पावसाचं गोडं पाणी उतरतं, खडकातले क्षार घेऊन. बाहेर जायला वाट नाही. ऊन नुसतं पाणी उचलतं, क्षार खालीच राहतात. बासुंदी आटवावी तसं हे हजारो वर्षं आटतंय. त्याचा सामू (पीएच; ७ च्या वर जितका जास्त, तितकं पाणी साबणासारखं अल्कधर्मी) १० च्या आसपास सांगतात, समुद्राचा ८ च्या जरासा वर असतो.

मला वाटलं होतं, असं पाणी म्हणजे मेलेलं पाणी. साफ चूक. सोड्याच्या तळ्यात शेवाळाला कर्बाची ददात नसते, उन्हाचीही नाही. तो पालकाचा रंग म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, त्यातच ते स्पिरुलिना, ज्याच्या गोळ्या मेडिकलमध्ये विकत मिळतात. मासेच नाहीत, त्यामुळे आपल्या गावतळ्यासारखी लांबलचक अन्नसाखळीही नाही. शेवाळ मरून खाली बसतं, तिथले सूक्ष्मजीव ते कुजवतात, त्यातून मिथेन निघतो आणि मावशीला पदर लावायला लावणारा तो वास. काठावर शेकाट्या लांब तांबडे पाय टाकत चिखलातले किडे टिपत होत्या, अगदी आपल्या स्वयंपाकघरात वावरल्यासारख्या.

आणि गुलाबी? त्या उन्हाळ्यात पाणी फार घटलं, खारटपणा वाढला, तशी मीठ आवडणारे गुलाबी सूक्ष्मजीव फोफावले. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासून हेच सांगितलं. पाऊस आला, पाणी पातळ झालं, रंग ओसरला. म्हणजे आम्ही सगळे जो चमत्कार बघायला येतो, तो तळ्याला पाणी कमी पडल्याची खूण होती.

२००० पासून हे अभयारण्य आहे, नोव्हेंबर २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे जगानं महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा. तरी देवळामागे ओट्यांच्या पिशव्या, थर्माकोलच्या ताटल्या, अगरबत्तीची पाकिटं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्याच ओटीची पिशवी वाऱ्यानं उडत पाण्याकडे निघाली. पोरगा धावत जाऊन घेऊन आला, बोलला काहीच नाही.

चढताना सहा वेळा बसलो. दुपारी खाणावळीत भाकरी, पिठलं, ठेचा; लॉजचा सगळा राग तिथं विरला. ताटात लिंबाची फोड होती. मी रुमाल काढला आणि लाल डागावर लिंबू पिळलं, तर पुन्हा हळद! मी खूश होऊन तो मावशीला दाखवला.

"देवीनं केलेलं कुंकू," ती ताटावरून हात मागे घेत म्हणाली, "आणि तू ते लिंबानं घालवलंस?" जालन्यापर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.