तीन तासांची पाटी आणि हरवलेलं पाणी

स्लोव्हेनियाला चाललोय म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न आला, "स्लोव्हाकिया ना?" हसण्यासारखं काही नाही, दोन वर्षांपूर्वी मीही तेच विचारलं असतं.

तर आम्ही दोघं, म्हणजे मी आणि नवरा, बोहिन्य तळ्याकाठी चार दिवस मुक्कामाला होतो. हे तळं त्रिग्लाव नॅशनल पार्कमध्ये येतं, अख्ख्या देशात हा एकच नॅशनल पार्क, साधारण ८४० चौरस किमी. तळं चार किमी लांब आहे, फिरवणारी बोटसुद्धा इलेक्ट्रिक, त्यामुळे सकाळी काठावर बसलं की फक्त वल्ह्यांचा आवाज. छान आहे, पण मला सांगायचंय ते वरच्या तळ्यांचं.

प्लानिना ब्लातोपर्यंत गाडी जाते (रस्त्याला टोल आहे आणि समोरून गाडी आली की देव आठवतो), तिथून चालायला सुरुवात. वाट चुकायचा प्रश्नच नाही, झाडांवर दगडांवर लाल वर्तुळात पांढरा ठिपका काढलेला असतो, तो धरून जायचं. घोळ आहे तो पाट्यांचा. पाटीवर किलोमीटर लिहीतच नाहीत, तास लिहितात! त्रिग्लावच्या तळ्यांजवळच्या हटला (ट्रेकर्ससाठीचा डोंगरातला निवारा) तीन तास. नवरा म्हणाला तीन म्हणजे आपले साडेतीन धर. लागले पाच. आणि मध्ये सत्तरीच्या एक आजी काठ्या टेकत टेकत मागून आल्या, "दोबेर दान" (म्हणजे नमस्कार) म्हणाल्या आणि दिसेनाशा झाल्या.

पहिला तास झाडीतून, मग कुरणं, लाकडी झोपड्या, गायींच्या गळ्यातल्या घंटा, आणि त्यानंतर नुसता पांढरा दगड. इथेच आमचं चुकलं. सह्याद्रीत ट्रेक केलेल्या माणसाला वाटतं की वाटेत कुठेतरी झरा लागेल, नाहीतर एखादं टाकं तरी, म्हणून दोघांत मिळून दोनच लिटर पाणी घेतलेलं. पण हा डोंगर चुनखडीचा. पाऊस पडला की पाणी भेगांतून सरळ आत जातं, वर ओढा बिढा काही राहत नाही. श्टापत्से नावाची खिंड आहे १८५१ मीटरवर, तिथे पोचेपर्यंत बाटल्या खडखडीत, आणि गंमत बघा, खिंडीतून खाली उतरताना समोर निळं तळं दिसतंय आणि घशाला कोरड.

हटमध्ये गेल्या गेल्या लिंबू घातलेला चहा मागवला, दोन मोठे मग, मग अजून दोन. सुट्टे मोजताना नवऱ्याने ५० सेंटचं नाणं उलटं केलं तर त्यावर त्रिग्लाव शिखर. त्यांच्या झेंड्यावरही तेच आहे. २८६४ मीटर, आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

हटसमोरच्या तळ्याचं नाव ड्वोइनो येझेरो, म्हणजे जोडतळं. पाणी चढलं की दोन्ही एक होतात, उतरलं की वेगळी. पोहायला बंदी आहे आणि ते बरोबरच आहे. माणसाने ढवळाढवळ केली की असं तळं बिघडतं: यात मुळात मासे नव्हते, कुणीतरी आणून सोडले आणि मग शेवाळ माजलं. पाणी इतकं नितळ दिसतं की हे आधी खरंच वाटेना, पण काठाशी वाकून पाहिलं तर दगडांवर हिरवे बुळबुळीत केस लोंबल्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी पाय असे धरलेले की जिना उतरताना कठड्याला लटकून. तरी साव्हित्सा धबधबा बघायला गेलो, पाचशेच्या वर पायऱ्या, पाटीवर अर्थातच मिनिटं लिहिलेली, ती आम्ही वाचली नाहीत. हा ७८ मीटरचा धबधबा वरून नदी येऊन पडत नाही, कड्याच्या पोटातूनच बाहेर येतो. वरच्या दरीत जे पाणी दगडात मुरतं ते इथे निघतं, मग बोहिन्यमध्ये, तिथून साव्हा नदीत, आणि पार बेलग्रेडला डॅन्यूबमध्ये.

नवरा कठड्याला टेकून तुषार अंगावर घेत बराच वेळ उभा होता. मग धबधब्याकडे बघून म्हणाला, "काल कुठे होतास रे?"