रिजेक्शनच्या कागदावर ‘फेटलिंग डिफेक्ट’

मशीनशॉपमधून पंप हाउसिंगची लॉट परत आली. कागदावर नेहमीचा शेरा: फेटलिंग डिफेक्ट, म्हणजे ओतलेला जॉब घासून साफ करणाऱ्यांची चूक. बोअर (मशीनवर कोरलेलं भोक) एका बाजूला सरकलेला, त्या बाजूची भिंत पातळ. त्यांचं म्हणणं, पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन अर्धे जुळतात ती रेघ, नीट घासली नाही म्हणून जॉब फिक्स्चरमध्ये (मशीनवरच्या पकडीत) तिरका बसला.

जॉब हातात घेतला तर पार्टिंग लाइनवर फ्लॅश (सांध्यातून बाहेर आलेला पातळ धातू) कमी आणि पायरी जास्त. मोल्डिंग बॉक्सच्या पिना आणि बुश झिजले की कोप (साच्याचा वरचा अर्धा) ड्रॅगवर (खालच्या अर्ध्यावर) सरकून बसतो. ती पायरी ग्राइंडरने मोडता येते, सरकलेला अर्धा जागेवर आणता येत नाही. त्यात लोकेटिंग पॅड, म्हणजे फिक्स्चरमध्ये जॉब ज्यावर टेकतो ती जागा, नेमका पार्टिंग लाइनवर घेतलेला! पॅड एकाच अर्ध्यात हवा, हे मेथडिंगवाल्याने (साचा कसा ओतायचा ते आखणाऱ्याने) पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, बनण्याआधीच पाहायला हवं होतं.

कोल्हापूरच्या फाउंड्रीत हा शेरा फार स्वस्त झालाय. ग्रे आयर्नचा (साध्या बिडाचा) रनर, म्हणजे धातूच्या वाटेत गोठलेला दांडा, हातोड्याने तुटतो, पण इनगेटला (ही वाट जॉबला मिळते तिथे) कास्टिंगपासून दोन-तीन मिलिमीटरवर खाच दिलेली नसेल तर तूट आत शिरून जॉबचाच लचका काढते. एसजी (गोल ग्राफाइटचं बीड) चिवट, तिथे वेज (पाचर) किंवा कटिंग व्हील लागतं. वाळूतलं क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसला एकदम फुगतं, कोअरला (आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याला) चिरा पडतात, धातू आत शिरतो आणि पॅसेजमध्ये अशा जागी फिन (धातूचे पातळ पापुद्रे) तयार होतात जिथे छिन्नी पोचतच नाही. ही तिन्ही कामं बिघडतात मोल्डिंग, कोअरशॉप आणि मेथडिंगमध्ये. नावावर पडतात फेटलिंगवाल्यांच्या.

फेटलिंग या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ सज्ज करणं, नीट लावणं. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कुंभारखान्यांत ओलसर भांड्यावरची साच्याची शिवण काढणं म्हणजे फेटलिंग. पोलादाच्या ओपन हार्थ भट्टीत, हीट (वितळलेल्या धातूची एक खेप) काढल्यावर झिजलेल्या काठांवर डोलोमाइट मारणं हेही फेटलिंगच. ऑस्ट्रेलियात रेल्वेचा रूळ सांभाळणारा गँगमन तो फेटलर. आपल्याकडे उरलं घासकाम, तेही किलोच्या दराने. चाळीस किलोचं भरीव काउंटरवेट काही मिनिटांत हातावेगळं होतं, आठ किलोचं कोअरवालं हाउसिंग त्याच्या कितीतरी पट वेळ खातं आणि पैसे पाचवा हिस्सा देतं. हा दर अन्यायाचा आहे, आणि हाउसिंगवर घाई होते ती यामुळेच.

आता पिना-बुश बदललेत, पॅड ड्रॅगमध्ये न्यायला पॅटर्न दुरुस्तीला गेलाय. तोवर प्रत्येक शिफ्टचा पहिला जॉब मिसमॅचसाठी (दोन अर्धे किती सरकलेत ते) मोजूनच पुढचे बॉक्स ओततो.